गळकी बादली, मागचं दार आणि कार्बन

मागच्या अंकात ताऱ्यांवर लिहिताना मी एक वाक्य टाकून पुढे सटकलो होतो, की कार्बनच्या केंद्रकात ७.६५ एमईव्हीला एक लेव्हल आहे म्हणून आपण सगळे आहोत. त्या एका वाक्याला इतक्या जणांनी धरलंय की या वेळी ब्लॅक होल, परग्रहवासी वगैरे नेहमीची मंडळी बाजूला ठेवली आणि फक्त याच विषयाची पत्रं घेतली. काही पत्रं कापावी लागली, रागवू नका.

प्रश्न: ते वाक्य वाचून मी अडखळले. लेव्हल म्हणजे काय, ती कार्बनलाच का, आणि नसती तर नक्की काय अडलं असतं? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर: बाई, अडखळलात ते बरोबरच, घाई माझीच झाली होती. लेव्हल सगळ्याच केंद्रकांना असतात. केंद्रकाला वाटेल तेवढी ऊर्जा अंगावर बाळगता येत नाही, ठराविक पायऱ्यांवरच उभं राहता येतं, मधे पाय टेकायला जागा नाही. कार्बन-१२ ची जमिनीपासूनची पहिली पायरी ४.४४ एमईव्हीला, मग ७.६५, मग ९.६४. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि केईव्ही म्हणजे हजार, पुढे दोन्ही येणारेत म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता ताऱ्याकडे या. मध्यभागातला हायड्रोजन संपला की उरतो हेलियम, आणि हेलियमच्या पुढे रस्ता तुटलेला आहे. त्याला एक प्रोटॉन चिकटवा, पाच कणांचं केंद्रक होतं, टिकत नाही. दोन हेलियम चिकटवा, बेरिलियम-८ होतं, तेही टिकत नाही, एका सेकंदाचे एक कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे परत शंभर कोटी, तेवढ्यात फुटून पुन्हा दोन हेलियम. मग सहा प्रोटॉन सहा न्यूट्रॉनचा कार्बन आला कुठून? १९५२ मध्ये एडविन सॉल्पीटर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं की बेरिलियम फुटायच्या आत तिसरा हेलियम येऊन आदळतो. हे गळक्या बादलीसारखं आहे बघा, तळाला भोक आहे पण वरून नळ चालू आहे, मग बादलीत कुठल्याही क्षणी थोडंसं पाणी असतंच. दहा कोटी डिग्रीच्या, दाट ताऱ्यात अब्जभर हेलियममागे एखादं बेरिलियम-८ असं कायम हजर असतं, जुनं गेलं की नवीन.

तरी हिशोब जुळेना. फ्रेड हॉईल (आपल्या जयंत नारळीकर सरांनी केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली तेच) यांनी आकडे मांडले तर कार्बन इतका हळू बनत होता की जो बनेल तो लगेच आणखी एक हेलियम खाऊन ऑक्सिजन होणार, शिल्लक काही राहणारच नाही. मग त्यांनी उलटा विचार केला, कार्बन तर भरपूर आहे, म्हणजे कुठेतरी हा सांधा जोरात चालत असणार. आणि तो जोरात चालायचा एकच मार्ग होता, रेझोनन्स. घरी मिक्सर दोन नंबरला फिरवला की मांडणीवरचं एकच ठराविक ताट खडखडायला लागतं, बाकीची गप्प, एक नंबरला काही नाही, तीनला काही नाही, तसं. तीन हेलियम एकत्र आले की त्यांची ऊर्जा जमिनीवरच्या कार्बनपेक्षा ७.२७५ एमईव्हीने जास्त भरते, त्यात ताऱ्याच्या उष्णतेची थोडी भर, म्हणजे ७.७ च्या आसपास कार्बनला एखादी लेव्हल असेल तर ताट खडखडेल.

१९५३ च्या सुरुवातीला हॉईल कॅलिफोर्नियात कॅलटेकला होते. तिथल्या केलॉग रेडिएशन लॅबमध्ये विल्यम फाउलर आणि मंडळी हलक्या केंद्रकांच्या लेव्हल मोजत बसलेली, हॉईल जाऊन म्हणाले की इथे एक लेव्हल असलीच पाहिजे, शोधा. आता विचार करा, खगोलवाला माणूस येऊन न्यूक्लियरवाल्यांना सांगतोय तुमच्या केंद्रकात काय आहे ते! फाउलरना सुरुवातीला ते पटलं नव्हतं. बरं या जागी आधी एकदा, १९४० च्या सुमारास, लेव्हल दिसल्याचं कुणीतरी छापलं होतं आणि नंतर १९५१ मध्ये दुसऱ्यांनी नीट शोधली तर सापडली नव्हती, म्हणजे ती फाइल जवळपास बंद झालेली. वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या जोडीदारांनी तरी मोजायचं ठरवलं आणि निघालं ७.६८, चूकभूल ०.०३. आज आपण ७.६५४ म्हणतो. तिचं नावच हॉईल स्टेट पडलंय.

प्रश्न: सर लेव्हल "मोजली" म्हणजे नेमकं काय केलं? मीटरवर आकडा येतो का? आमच्या लॅबमध्ये तर डायोडचा ग्राफसुद्धा नीट येत नाही. (इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: डायोडचं माझ्याकडे काही औषध नाही. लेव्हलचं सांगतो, आणि ते वाण्याच्या दुकानासारखं आहे. तुम्ही ५०० ची नोट दिलीत, परत किती सुटे आले ते मोजलेत, की पिशवीत न बघता कळतं केवढ्याचा माल घेतला. व्हेलिंग मंडळींनी नायट्रोजन-१४ वर ड्युटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉनची जोडी) मारले. दोन्ही मिळून फुटतात आणि एक अल्फा (म्हणजे हेलियमचंच केंद्रक) बाहेर येतो, मागे राहतं कार्बन-१२. आत किती ऊर्जा गेली ते माहितीय, वजनाच्या फरकातून किती सुटते तेही माहितीय, आता अल्फा किती घेऊन बाहेर पडला एवढं मोजायचं, उरलेली कार्बनने ठेवून घेतली. कार्बन जमिनीवर असेल तर अल्फा श्रीमंत, कार्बन ४.४४ च्या पायरीवर बसलं तर अल्फाच्या खिशातून तेवढे कमी. अल्फाला मोठ्या चुंबकातून वळवायचं, जास्त ऊर्जावाला कमी वळतो, कमी ऊर्जावाला जास्त, मग चुंबकाचा जोर थोडाथोडा बदलत मोजत जायचं की कुठल्या जागी किती अल्फा आले. ग्राफवर उंचवटे येतात. त्यातला एक अगदी बारीक, शेजारच्या डोंगरांपुढे वारूळ, तो ७.६८.

गंमत बघितलीत का यात? ताऱ्यात होते ती रिॲक्शन, तीन हेलियमवाली, कुणी केलीच नाही. करता येतच नाही, तीन कण एका जागी एका वेळी आणणार कसे. त्यांनी तेच कार्बन दुसऱ्या वाटेने बनवलं आणि ते कुठल्या पायरीवर बसलंय ते बघितलं. पुढचं दार उघडत नसेल तर मागच्या दाराने आत जायचं. या सगळ्या विषयात निम्म्या युक्त्या ह्याच आहेत, पुढे तीनचार वेळा हे मागचं दार लागेल तुम्हाला.

आजकाल चुंबकाच्या जोडीला सिलिकॉनच्या चकत्या असतात, त्यात अल्फा घुसून थांबला की त्याने किती ऊर्जा सोडली त्या प्रमाणात विजेचा झटका मिळतो. गामा किरणं मोजायला जर्मेनियमचा स्फटिक, त्याला द्रव नायट्रोजन पाजून साधारण उणे १९० डिग्रीच्या आसपास थंड ठेवायचा. नाहीतर उष्णतेनेच त्याच्यात इतका कचरा करंट वाहतो की काही दिसत नाही. चांगला जर्मेनियम १३३२ केईव्हीच्या गामाला दोनेक केईव्हीच्या अंतरात बसवतो. आणि हा १३३२ आकडा उगाच नाही घेतला, कोबाल्ट-६० मधून ११७३ आणि १३३२ अशा दोन रेषा येतात, त्या आधी माहितीच असतात, त्यावर यंत्र लावून घ्यायचं. तराजू लावायला माप लागतं तसं. अल्फासाठी अमेरिशियम-२४१, ५.४८६ एमईव्ही. प्रयोगाच्या आधी, मधे, नंतर, परत परत हे मापं लावणं चालूच असतं, कारण रात्री एसीचं तापमान दोन डिग्री हललं तरी इलेक्ट्रॉनिक्स सरकतं.

एक माझी फजिती सांगतो. एमएस्सीला असताना मला स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे गामाच्या ऊर्जेच्या ग्राफमध्ये, १४६१ केईव्हीवर सुंदर रेष दिसली, किरणोत्सारी सोर्स काढून ठेवला तरी दिसतेच, मी दोन दिवस हवेत होतो की काहीतरी गावलं. तिसऱ्या दिवशी आमच्या लॅब असिस्टंट काकांनी मागून बघितलं आणि म्हणाले, अरे ते पोटॅशियम आहे, भिंतीतलं. भिंतीतलं, फरशीतलं, आणि माझ्या स्वतःच्या अंगातलंसुद्धा. पोटॅशियम-४० सगळीकडे असतं. तेव्हापासून कुठलाही नवा शोध ऐकला की आधी विचारतो, पोटॅशियम बघितलं का.

प्रश्न: लेव्हल १९५३ ला सापडली, विषय संपला. मग ७० वर्षं लोक अजून तेच कार्बन का मोजतायत? आमच्याकडे असं खातं कधीच बंद केलं असतं. (बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर: खातं उघडं राहिलं कारण लेव्हल कुठे आहे हे अर्धंच उत्तर आहे, तिथून ती उतरते कशी हे बाकीचं अर्धं, आणि ते जास्त चिवट निघालं.

तीन हेलियम येऊन हॉईल स्टेट झाली, छान. पण ही लेव्हल तीन हेलियमच्या पातळीपेक्षा ३७९ केईव्ही वर आहे, म्हणजे ती जवळजवळ नेहमी परत फुटते, बेरिलियम-८ आणि हेलियम, आणि मग तीन हेलियम, घरचे घरी. दहा हजारात साधारण चार वेळा फक्त ती गामा सोडून खाली उतरते, आधी ३.२१ एमईव्हीचा गामा टाकून ४.४४ वर, मग ४.४४ चा टाकून जमिनीवर, आणि मग ते खरं टिकाऊ कार्बन. (त्याहूनही क्वचित इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी टाकून थेट जमिनीवर.) तुमच्या माझ्या अंगातलं एकूण एक कार्बन या दहा हजारातल्या चारांमधून आलंय. तुमच्या बँकेच्या भाषेत, दहा हजार अर्ज आले, चार मंजूर, आणि सगळी जीवसृष्टी त्या चारांवर.

१९५३ ला लेव्हल सापडली तेव्हा ती खरंच तीन हेलियमपासून होऊ शकते का हे दाखवणं बाकी होतं. ते १९५७ ला कुक, फाउलर आणि दोन्ही लॉरिट्सन, बापलेक, यांनी दाखवलं, परत मागच्या दाराने. बोरॉन-१२ बनवलं, ते २० मिलिसेकंदात बीटा (म्हणजे इलेक्ट्रॉन) सोडून कार्बन-१२ होतं, बहुतेक वेळा थेट जमिनीवर, पण शंभरात एखादं हॉईल स्टेटमध्ये जाऊन पडतं. आणि मग ते फुटून अल्फा बाहेर येताना दिसले. आता केंद्रकांचा नियम असा आहे की जे या दिशेने होऊ शकतं ते उलट दिशेनेही होऊ शकतं. फुटून तीन हेलियम होतात, म्हणजे तीन हेलियम मिळून तेच होऊ शकतं. ताऱ्यातली गोष्ट टेबलावर उलटी चालवून बघितली. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सगळ्यात आवडतो, हॉईलच्या गोष्टीला प्रसिद्धी मिळते पण खिळा ठोकला तो इथे.

आणि हा "दहा हजारात चार" आकडा किती नाजूक ते बघा. २०२० मध्ये ऑस्लोच्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणारं यंत्र) नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी कार्बनवर प्रोटॉन मारले, ३.२१ आणि ४.४४ हे दोन्ही गामा एकाच वेळी पकडले, आणि आकडा निघाला ६.२. चारचा सहा! म्हणजे ताऱ्यात कार्बन बनायचा वेग दीडपट. खळबळ उडाली, कारण मग ताऱ्यांची सगळी मॉडेल परत चालवावी लागणार. पुढे इतर गटांनी गामाऐवजी कार्बन शिल्लक राहतो का ते थेट मोजून बघितलं आणि आकडे परत चारच्या आसपास आले. माझं मत विचाराल तर चारच बरोबर, पण २०२० वाल्यांना मी हसणार नाही, एवढ्या दुर्मिळ गामांमधून मागचा गोंगाट वजा करणं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये एक पैंजण ऐकणं.

दुसरी गोष्ट, लेव्हलची जागा. दहा कोटी डिग्रीला कणांची सरासरी उष्णता-ऊर्जा मापायचं एकक आहे ८.६ केईव्ही आणि लेव्हल आहे ३७९ केईव्ही वर, म्हणजे जवळपास ४४ पट. याचा अर्थ फारच थोडे, फार वेगवान कण तिथे पोचतात. हिशोब करून बघा, लेव्हल फक्त १ केईव्ही वर सरकली तर दर ११ टक्क्यांच्या आसपास घसरतो. आणि तापमान १ टक्का वाढलं तर दर ५० टक्क्यांपर्यंत वाढतो, चाळिसाव्या घाताच्या आसपासचा चढ आहे तो. म्हणून ७.६८ वरून ७.६५४ वर येण्यात लोकांनी आयुष्यं घातली, चिकटपणा म्हणून नाही.

प्रश्न: कार्बन बनल्यावर त्याला चौथा हेलियम लागून ऑक्सिजन होतो असं तुम्हीच म्हणता. मग सगळं कार्बन ऑक्सिजन का होत नाही? (बीएस्सी, पणजी)

उत्तर: इथे नशीब उलट्या बाजूने आलं. ऑक्सिजन-१६ मध्येही योग्य जागेच्या जवळ एक लेव्हल आहे, ७.१२ एमईव्हीला. पण कार्बन अधिक हेलियम यांची ऊर्जा ७.१६, म्हणजे लेव्हल जेमतेम ४५ केईव्हीने खाली राहिली. ताट खडखडलं नाही. लेव्हल रेघेएवढी बारीक नसते, थोडी पसरलेली असते, त्यामुळे खाली असली तरी तिची शेपूट तेवढी वर लागते, म्हणून रिॲक्शन चालते पण हळू, आणि शेवटी ताऱ्यात कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही उरतात.

किती हळू, ते मोजणं हे या शास्त्रातलं सगळ्यात छळवादी काम आहे. ताऱ्यात महत्त्वाची ऊर्जा ३०० केईव्हीच्या आसपास, आणि तिथे रिॲक्शनची शक्यता आहे १० चा उणे १७ वा घात एवढे बार्न. बार्न हे केंद्रकांचं क्षेत्रफळ मोजायचं एकक, नाव युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गमतीने ठेवलं, की युरेनियमचं केंद्रक म्हणजे कोठाराएवढं मोठं, नेम चुकणारच नाही. इथे मात्र त्या कोठाराचा एक कणसुद्धा नाही. इतक्या कमी शक्यतेला थेट मोजायचं तर बीम (कणांचा झोत) वर्षानुवर्षं चालवावा लागेल. मग लोक जास्त ऊर्जेला मोजतात आणि रेष खाली ओढतात, आणि ओढताना ती शेपूट किती जाड धरायची यावर भांडतात. परत मागचं दार: नायट्रोजन-१६, अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) सातेक सेकंद, बीटा सोडून ऑक्सिजन-१६ होतं आणि लाखात एखाद्या वेळी त्यातून अल्फा निसटतो. त्या अल्फांच्या ऊर्जेच्या आकारात ७.१२ ची शेपूट दिसते. १९९० च्या दशकात कॅनडात व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ लॅबमध्ये हे केलं गेलं, आणि तरीही हा दर अजून हवा तितका पक्का नाहीये.

प्रश्न: आम्हाला शिकवलं होतं की किरणोत्सारी ऱ्हासाचा वेग तापमान, दाब कशानेच बदलत नाही. मग ताऱ्यात "डिके मोजतात" म्हणजे इथलाच आकडा तिथे लावतात ना? (अकरावी विज्ञान, पुणे. "सर रागवतील म्हणून तुम्हाला विचारतोय")

उत्तर: सरांना सांगू नकोस मी काय म्हणालो ते. पुस्तकातलं वाक्य आपल्या रोजच्या जगासाठी बरोबर आहे. चुलीवर ठेवलं, फ्रीजमध्ये ठेवलं, काही फरक नाही. पण ताऱ्याच्या आत अणूचे इलेक्ट्रॉनच निघून जातात, आणि काही केंद्रकांना त्याने खूप फरक पडतो.

रेनियम-१८७ घे. पृथ्वीवर अर्धायुष्य सुमारे ४२०० कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या तिप्पट. बीटा ऱ्हासात एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकावा लागतो, आणि या बिचाऱ्याकडे त्यासाठी फक्त अडीच केईव्हीच्या आसपास पैसे आहेत, रिक्षालाही पुरत नाहीत. आता सगळे ७५ इलेक्ट्रॉन काढून टाक. केंद्रकाशेजारच्या सीट रिकाम्या झाल्या, इलेक्ट्रॉनला गाडीबाहेर पडायची गरजच नाही, विंडो सीटवर बसला की काम झालं, आणि ते खूप स्वस्त पडतं. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय लॅबमध्ये १०८ मीटर घेराची एक रिंग आहे, तिच्यात असे उघडे रेनियम आयन फिरवत ठेवून १९९६ मध्ये मोजलं तर अर्धायुष्य निघालं ३३ वर्षं. ४२०० कोटीवरून ३३. त्याच्या आधी १९९२ मध्ये तिथेच डिस्प्रोशियम-१६३ चं केलं होतं, जे आपल्याकडे चक्क स्थिर आहे, कधीच ऱ्हास पावत नाही, आणि सगळे इलेक्ट्रॉन काढले की ४७-४८ दिवसांत अर्धं होतं. हा मला अजूनही जादूचा प्रयोग वाटतो. मोजायची पद्धत पण भारी आहे, आयन रिंगमध्ये फिरत राहतात, ऱ्हास झालेल्याला विंडो सीटवर एक इलेक्ट्रॉन आलेला असतो, मग मधे वायूची फवार सोडून तो इलेक्ट्रॉन खरवडायचा, की विद्युतभार बदलतो आणि तो आयन वेगळ्या वाटेने वळून डिटेक्टरवर पडतो. तेवढे मोजायचे. याच रिंगेत थॅलियम-२०५ चं पण मोजलं, साधारण २९१ दिवस, ते २०२४ मध्ये छापून आलं.

उलट बाजूने बेरिलियम-७ बघ. तो स्वतःचा एक इलेक्ट्रॉन गिळून लिथियम होतो, ५३ दिवसांत अर्धा. इलेक्ट्रॉनच काढून घेतले तर गिळणार काय? सूर्यात तो आजूबाजूला फिरणारे मोकळे इलेक्ट्रॉन पकडतो, म्हणून तिथला वेग वेगळा काढावा लागतो.

प्रश्न: अॅल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य ७ लाख १७ हजार वर्षं, असं मी वाचलं. एवढी वर्षं घड्याळ घेऊन कोण बसलं होतं? उगाच आकडे फेकतात. (वाचक, नाशिक, वय ७८)

उत्तर: काका, कुणी बसलं नव्हतं, आणि आकडा फेकलेलाही नाही. समजा गावात दर दिवसाला किती जण म्हातारपणाने जातात हे माहितीय आणि गावाची लोकसंख्या माहितीय, तर सरासरी आयुष्य काढायला शंभर वर्षं थांबावं लागत नाही. तसंच. अॅल्युमिनियम-२६ चे १ वर १५ शून्यं एवढे अणू घेतले, वजन भरेल ४३ नॅनोग्रॅम, डोळ्याला दिसणार नाही, तर त्यातून सेकंदाला ३१ ऱ्हास होतात. ३१ मोजणं काही अवघड नाही. अवघड आहे ते अणू नक्की किती होते हे मोजणं, त्याला मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतं, आणि खरी चूक तिथे होते.

या अॅल्युमिनियमचा तारा-संबंध असा की ते ऱ्हास पावताना १८०९ केईव्हीचा गामा सोडतं आणि तो गामा उपग्रहांनी आकाशगंगेतून येताना पकडलाय, पहिल्यांदा १९७९-८० मध्ये सोडलेल्या आणि चालवलेल्या हिओ-३ ने. आकाशगंगा हजार कोटी वर्षांहून जुनी आणि हे सात लाखात अर्धं होणारं, म्हणजे ते आत्ता, चालू काळात, कुठेतरी बनतंय. पण बनण्याचा हिशोब करायला लेव्हल लागतेच. याच्या २२८ केईव्हीवर एक पायरी आहे, तिथे बसलेलं अॅल्युमिनियम-२६ तळाला न येता थेट ६ सेकंदात मॅग्नेशियम होतं, आणि तेही १८०९ चा गामा न सोडता. एकाच केंद्रकाचा तळमजला सात लाख वर्षांचा आणि पहिलाच मजला सहा सेकंदांचा! ताऱ्याच्या उष्णतेत किती जण या मजल्यावर जातात त्यावर आपल्याला गामा किती दिसणार ते ठरतं.

प्रश्न: एवढी नेमकी लेव्हल म्हणजे कुणीतरी आखून ठेवलेली योजना नव्हे का? (वाचक, नागपूर)

उत्तर: तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, मी फक्त आकडे सांगतो. लोकांनी मॉडेलमध्ये लेव्हल ६० केईव्ही वर सरकवून बघितली तर कार्बनचं फारसं काही बिघडत नाही. शंभरदोनशे सरकवली तर बिघडतं. म्हणजे सुईच्या टोकावर उभं नाहीये, पाटावर उभं आहे. आणि १९५३ ला हॉईल जीवसृष्टीबद्दल बोलत नव्हते, ताऱ्यात मूलद्रव्यं किती बनतात याचा हिशोब जुळवत होते. जीवसृष्टीचा अर्थ लोकांनी, आणि पुढे त्यांनी स्वतःही, नंतर लावला.

प्रश्न: हे आपल्याकडे कुठे चालतं? मला असं काम करायचंय, घरचे म्हणतात आयटी बघ. (एमएस्सी फिजिक्स, कोल्हापूर)

उत्तर: कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १४ मिलियन व्होल्टचं पेलेट्रॉन (कणांना वेग देणारं यंत्र) आहे, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआर (तीच टाटा संस्था) मिळून चालवतात, १९८८ च्या अखेरपासून. दिल्लीच्या आययूएसी (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) इथे एक आहे. कोलकात्याला सायक्लोट्रॉन आहे, तिथल्या गटाने हॉईल स्टेट फुटताना मधे बेरिलियम-८ होतं की थेट तीन तुकडे, हे मोजलंय (थेट फुटणारे हजारात एकही नाहीत). आणि कोलकात्यालाच साहा इन्स्टिट्यूटमध्ये खास ताऱ्यांच्या रिॲक्शनसाठी कमी ऊर्जेचं फ्रेना नावाचं ३ मिलियन व्होल्टचं यंत्र आलंय. जर्मेनियम डिटेक्टरांचा देशाचा एक सामायिक ताफा आहे, इंगा, तो या तीन शहरांत आळीपाळीने फिरतो, लग्नातल्या भांड्यांसारखा.

घरच्यांशी तू बोल, मी त्यात पडत नाही. फक्त एक माहिती असू दे, बीम मिळतो तो चोवीस तासांचा असतो आणि नव्या पोरांच्या वाट्याला रात्री १२ ते सकाळी ८ ची पाळी येते. थर्मासमध्ये चहा, समोर एक ग्राफ ज्यात तासाला दोन ठिपके वाढतात, आणि दर सहा तासांनी डिटेक्टरला नायट्रोजन भरला का ते वहीत लिहायचं. ते लिहायला विसरू नकोस, मी एकदा विसरलो होतो.